शिकायला येतो, हसायला नाही

ही गोष्ट माझ्याखेरीज कोणालाही माहीत नाही. बायकोला नाही, भावाला नाही. जिला ती सर्वांत आधी कळायला हवी होती ती नंदा यंदा श्रावणात गेली. ती गेल्यावर माझ्या मनात आलं की आता लपवायचं तरी कोणापासून? आणि तरी मी लपवतोच आहे. सवय लागते, दुसरं काय.

तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसला आहात असं समजून लिहितो. हळू लिहीन — मला तसंच लिहिता येतं. आणि गोष्ट तशी मोठी नाही. कोणाचा जीव गेला नाही, कोणाचं घर मोडलं नाही. एका बाईला मी बोलायचं थांबवलं, एवढंच. एवढंच? — असं मी स्वतःला बरीच वर्षं विचारत आलो, आणि दर वेळी प्रश्नातच उत्तर उरकून टाकलं.

आधी नंदाबद्दल सांगतो.

आमची संस्था लहान. अंधेरी, वाकोला, घाटकोपर, बोरिवलीच्या खाडीपलीकडचं गोराई अशा ठिकाणी संध्याकाळचे वर्ग चालवते. शाळा सुटलेली मुलं, शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुलं, कामावरून येणाऱ्या मुली. शिकवणारे त्याच वस्तीतले, बहुतेक तरुण. मुलं त्यांना ताई आणि दादा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. मी संस्थेची पुस्तकं सांभाळायचो. पेट्या भरून वर्गांवर पाठवायच्या, परत आल्या की फाटलेली पानं चिकटवायची. सुखाचं काम. मग लॉकडाउनमध्ये वर्ग फोनवर गेले, आणि ते दिवस संपल्यावर कोणीतरी संस्थेला टॅबलेट देणगी दिले. ताई-दादांना ते वापरायला कोण शिकवणार, असा प्रश्न बैठकीत निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का? तर यंत्राबरोबर आलेली सूचना-पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचणारा संस्थेत मी एकटाच होतो.

जोडीला नंदा दिली. ती घाटकोपरचा वर्ग कितीतरी वर्षं चालवत होती. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, वडील गिरणीत होते, आणि रंगात आली की तिच्या बोलण्यात मालवणी डोकावायची. आम्ही साधारण एकाच वयाचे. मला ती नावाने क्वचितच हाक मारायची. "ए पुस्तक, चहा घेणार?" असं विचारायची. मी रागावायचो का? अजिबात नाही. खरं तर मला ते फार आवडायचं, पण तसं कधी तिला म्हणालो नाही.

वाटणी अशी ठरली, की साधन कसं चालतं ते मी सांगायचं आणि ते मुलांसमोर कसं वापरायचं ते नंदाने. तिची पद्धत तिने कुठून आणली देव जाणे, पण पहिल्याच तासाला ती उभी राहिली आणि म्हणाली, "हे शिकायच्या आधी, याच्याने मी माझी वाट कशी लावली ते ऐका."

आणि मग तिने पंख्याची गोष्ट सांगितली. लॉकडाउनमध्ये मुलांना दाखवायला तिने कडधान्य भिजवून मोड आणायचा प्रयोग चित्रित केला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला होता. तो हळूहळू मागे कलला. वाटी, मटकी, ओलं फडकं — सगळं तिने मायेने समजावलं, आणि शेवटी मुलांना म्हणाली की आता मी जे दाखवलं त्याचं चित्र काढून पाठवा. संध्याकाळी सगळ्या मुलांकडून पंख्याची चित्रं आली. एका मुलीने पात्यांवरची जळमटंसुद्धा काढली होती. "निरीक्षण बघा पोरांचं," नंदा म्हणाली. "माझ्या घराची अब्रू गेली ती गेली."

दुसरी गोष्ट बांगड्यांची. खायच्या. मुलांनी पाठ करावी म्हणून तिने एक कविता फोनवर म्हटली, आणि ध्वनिमुद्रण थांबवायचं विसरली. मागोमाग दारात कोळीण आली. त्या दोघींची सगळी घासाघीस, मधे कुकरच्या शिट्या, मधे सासूबाईंचं "नंदे, डोकी बघून घे" — हे सगळं पालकांच्या गटावर गेलं. कविता कोणाला आठवली नाही. पण दुसऱ्या दिवशी तीन आयांनी निरोप पाठवला, की शेवटी दिले का तिने कमी करून?

आणि नाहूरची. उजळणीच्या खेळात गंमत म्हणून तिने देशाच्या राजधानीच्या पर्यायांत मुलुंडशेजारचं नाहूर टाकलं, आणि बरोबर उत्तरावर खूण करताना बोट घसरलं. सगळा वर्ग नापास झाला. ज्याची आत्या नाहूरला राहते असा एकच मुलगा पास. "त्याला मी किती समजावलं," ती सांगायची. "म्हणतो, ताई, तुमच्या मशीननेच सांगितलंय ना? आता मशीन खरं की तुम्ही?"

या गोष्टी मी कागदावर मांडल्या तर चार ओळींत संपतात. ती सांगायला लागली की अर्धा तास जायचा. ती सासू व्हायची, कोळीण व्हायची, कललेला फोन व्हायची. वाकोल्याच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये, आठवडाभराच्या आमच्या पहिल्या प्रशिक्षणात, माणसं डोळे पुसत हसायची.

हे हसणं कशासाठी होतं, ते मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकलो असतो. पण मला कळलं होतं. ताई-दादांना यंत्राची भीती नव्हती. फोन सगळ्यांच्या हातात होते. भीती होती ती मुलांसमोर चुकायची. दिवसभर कोणी घरकाम करतं, कोणी दुकानात उभं राहतं. संध्याकाळचा तो एक तास असा, की तेव्हा कोणीतरी त्यांना 'ताई' म्हणतं, त्यांचं ऐकतं. त्या तासाला एखाद्या पोराने सगळ्यांसमोर "ताई, असं नाही, असं करायचं असतं" म्हटलं तर? अंधेरीच्या सुरेखाताई पहिल्या दिवशी टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्याच्या काचेला बोट लागू नये म्हणून हात पदराखाली. चाळिशीच्या बाई, बालवाडी उत्तम चालवायच्या. पंख्याची गोष्ट ऐकली, इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि मग पाणी पिऊन आपणहून म्हणाल्या, "आण बाई, मी पण लावते वाट." त्यांनी स्वतःच्या आवाजात एक गाणं मुद्रित केलं. निम्मंच आलं. पण आलं.

मी ते पाहिलं. शेवटच्या रांगेत बसून पाहिलं. आणि मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला — थोडा. बाकीचं जे वाटलं त्याला मी पुष्कळ दिवस नाव देत नव्हतो.

कारण माझे तास कोणाला आठवत नव्हते. मी रात्र रात्र जागून चित्रफिती केल्या होत्या. फायली कुठे साठवाव्यात, त्यांना नावं कशी द्यावीत, मुलांचे फोटो कोणाला दाखवावेत आणि कोणाला नाही. महत्त्वाच्या गोष्टी होत्या, अजूनही आहेत. पण नंदाचा तास लांबायचा आणि माझा आखडायचा. दुसऱ्या दिवशी मी उभा राहिलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, आणि बोरिवलीचा एक दादा फार अदबीने म्हणाला, "सर, तुमचं पीडीएफ पाठवून द्या ना. घरी वाचू."

तुम्ही हसलात ना? मीही आता हसतो. त्या दिवशी मी "हो, पाठवतो" म्हणालो, यंत्र बंद केलं आणि जेवायला गेलो. डाळ खारट लागली.

आता ती भिंत. आमच्या प्रशिक्षणात एक साधन होतं — पडद्यावर एक कोरी भिंत दिसते, आणि खोलीतला प्रत्येक जण आपापल्या फोनवरून तिच्यावर चिठ्ठी चिकटवतो. नाव येत नाही. रंगीत चौकोन तेवढे उगवत राहतात. दिवस संपताना सगळ्यांनी त्यावर दिवसाबद्दल लिहायचं, असं मी ठरवलं होतं. नियमही मीच केला होता आणि सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहिला होता: भिंतीवर जे येईल ते मोठ्याने वाचायचं, त्यावर सफाई द्यायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी बदल करून दाखवायचा. वस्तीतल्या मुलांचं ऐकून घ्यायला ताई-दादांनी शिकावं, तर आधी आपण त्यांचं ऐकून घेऊन दाखवावं — अशी माझी कल्पना. चांगली होती. मला तिचा अभिमान होता.

पहिल्या संध्याकाळी भिंतीवर नंदाच नंदा होती. नंदाताई झकास. नंदाताई अजून गोष्टी सांगा. माझ्याबद्दल एक चिठ्ठी होती, सरांचे अक्षर छान आहे अशी.

दुसऱ्या संध्याकाळी — पीडीएफच्या दिवशी — मी नेहमीसारखा मागच्या रांगेत बसलो होतो. सगळे माना खाली घालून फोनवर लिहीत होते. मीही फोन काढला. असं वाटेल की रागाच्या भरात काहीतरी खरडलं असेल. तसं नाही. मी विचार करून लिहिलं. आधी शुद्ध लिहिलं, विरामचिन्हांसकट. मग वाचलं आणि लक्षात आलं की असं इथे माझ्याशिवाय कोणी लिहीत नाही. म्हणून मी ते बिघडवलं. 'नंदाताई' आणि 'च्या' वेगळे केले, एक मात्रा उडवली, पूर्णविराम पुसला. आयुष्यभर इतरांच्या चुका दुरुस्त करत आलेल्या माणसाने बसून, काळजीपूर्वक चुका केल्या — म्हणजे संशय त्या खोलीतल्या कमी शिकलेल्या कोणावर तरी जावा.

चुका वगळून वाक्य असं होतं: नंदाताईंच्या गोष्टींत फार वेळ जातो, आम्ही शिकायला येतो, हसायला नाही.

आम्ही. कोण आम्ही? मी एकटा होतो.

चिठ्ठ्या वाचायचं काम नंदाचंच असायचं, आवाज तिचा मोठा. ती एकेक वाचत गेली. पिवळ्या चौकोनात माझं वाक्य आलं. ते तिने त्याच आवाजात पूर्ण वाचलं. "बरोबर आहे," म्हणाली, आणि पुढची चिठ्ठी वाचली — चहात साखर जास्त होते. सगळे हसले. तीही हसली. मला वाटलं, चला, झालं. थोडं आवरतं घेईल, वेळापत्रक सुधारेल, कोणाचं काही बिघडलं नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना तिने पेल्यातली साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाली, "घरी पण हेच सांगतात रे. आई सांगायची, मग सासूबाई, आता नवरा. नंदा, पुरे. मला वाटलेलं, निदान हयसर, वर्गात, चलता."

मी म्हणालो, "मनावर घेऊ नकोस."

"मनावर नाही घेत. पण नियम तुझाच ना? बदल करून दाखवायचा."

ते माझं तोंड उघडायचं ठिकाण होतं. मी चहा संपवला आणि पेला धुऊन ठेवला, जो टपरीवर कोणी धूत नाही.

तिसऱ्या दिवशी नंदा हातात घड्याळ घेऊन उभी राहिली. गोष्ट नाही. साधन घेतलं, पायऱ्या सांगितल्या, प्रश्न विचारले, वेळेत संपवलं. चोख. माझा तास वेळेवर सुरू झाला. मी माझ्या सगळ्या चित्रफिती दाखवल्या, एकूणएक. लोकांनी ऐकल्या. हॉलमध्ये फक्त माझा आवाज होता आणि वर पंखा फिरत होता, आणि त्याच्याकडे पाहूनही कोणाला हसू येत नव्हतं.

सुरेखाताईंचा टॅबलेट दुपारी अडकला. एरवी त्या ओरडल्या असत्या की अगं नंदा, माझी पण लागली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तो बंद केला, पिशवीत घातला आणि उरलेला वेळ वहीत लिहीत बसल्या. आठवडा संपल्यावर त्यांनी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कार्यालयात परत आणून दिला. आमच्या मुलांना खडू-पाटीच बरी, म्हणाल्या. ते गाणं निम्मंच राहिलं.

आणि फ्रान्सिस. गोराईचा फ्रान्सिस, तिथला वर्ग चालवणारा उंच, अबोल दादा. त्याला संध्याकाळी बोट गाठायची असायची, म्हणून तो सारखा घड्याळ बघायचा. बस, तेवढं पुरे झालं. जेवताना सगळ्यांनी त्याला धरलं.

"काय रे, तू हसायला नाही ना आलास? मग भजी पण नको खाऊ."

"मी नाही यार लिहिलं."

"मग घड्याळ काय शोभेला घातलंय?"

"अरे बोट असते माझी, बोट."

"बोट याची, आणि बुडवलं आम्हाला."

तोही हसत होता, पण कान लाल झाले होते. नंदाने मधे पडून त्याच्या ताटात भजी वाढली. "गप रवा रे," सगळ्यांना म्हणाली. "लिवलान तर लिवलान. खरा ताच लिवलान." मी त्याच टेबलावर होतो. फ्रान्सिसच्या समोर. मीही भजी खाल्ली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं. तिसऱ्या दिवशी. मीही तेच म्हणायचो. पण त्या संध्याकाळी जे एक वाक्य होतं त्याला रोज एकेक शेपूट फुटत गेलं — आधी लिहिलं का ते, मग चुका का केल्या ते, मग फ्रान्सिसच्या वेळी गप्प का बसलो ते. एकट्या वाक्याची कबुली देता आली असती. एवढ्या सगळ्या गोतावळ्याची कशी देणार?

म्हणून मी कबुली सोडून बाकी सगळं केलं. पुढच्या प्रशिक्षणात मी नंदाला म्हणालो, अगं, ती पंख्याची सांग ना. "नको रे, वेळ जातो," म्हणाली. मग मी वेळापत्रकातच 'गोष्ट' असा वेगळा वेळ ठेवला. त्या वेळात तिने सगळ्यांचे टॅबलेट चार्जिंगला लावून घेतले. एकदा तर मी स्वतः उभा राहिलो आणि पंख्याची गोष्ट सांगितली. अगदी बिनचूक सांगितली, काही गाळलं नाही. कोणी हसलं नाही. मुलुंडच्या एका ताईने वहीत लिहून घेतलं: चित्रीकरणाच्या वेळी पंखा बंद ठेवणे. संध्याकाळी नंदाला हे सांगितलं तेव्हा मात्र ती टपरीच्या बाकावर बसून इतकी हसली की चहावाल्याने पाणी आणून दिलं. "पुस्तक," ती म्हणाली, "तू नको सांगूस रे बाबा कोणाला गोष्ट." कितीतरी दिवसांनी तशी हसली होती. तेव्हाही सांगता आलं असतं.

वर्षं गेली. बॅचमागून बॅच आली. नंदा घड्याळ लावून शिकवत राहिली, आणि लोक तिला वचकून राहू लागले. टॅबलेट परत येण्याचं प्रमाण वाढलं, त्यावर बैठका झाल्या. प्रशिक्षणात काय कमी पडतं, असा प्रश्न मला विचारला गेला. मी सराव वाढवावा असं सुचवलं. सूचना मंजूर झाली.

मग तिचं दुखणं निघालं. शेवटचे काही महिने ती घरीच होती, घाटकोपरला, खिडकीशी पलंग लावून. मी आठवड्यातून एकदा जायचो. आजारात ती पुन्हा बोलायला लागली होती. बोलायची म्हणजे काय, नर्सची नक्कल, डॉक्टरांची नक्कल, भेटायला येऊन स्वतःचीच दुखणी सांगणाऱ्या नातेवाइकांची नक्कल. तिचा नवरा दारात उभा राहून हसायचा आणि "नंदा, पुरे, दमशील" म्हणायचा. मी घरी येताना रस्त्यात एकटा हसायचो.

एका दुपारी ती बोलता बोलता थांबली. "मीच बोलत्येय मघापासून," म्हणाली. "तू सांग काहीतरी. कधीच काही सांगत नाहीस तू. आज सांग."

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी किती वर्षं ज्या जागेची वाट पाहत असल्याचं स्वतःला सांगत होतो, ती जागा तिने झाडून, पाट मांडून दिली होती. वाक्य तयार होतं — नंदा, ती चिठ्ठी माझी होती. पाच शब्द. जेमतेम.

मी तिला एका पुस्तकाबद्दल सांगितलं. नुकतंच वाचलेलं, जहाजांच्या इतिहासाबद्दलचं. बरंच सविस्तर सांगितलं. ती मन लावून ऐकत होती, मधे एकदा "मग?" असंही म्हणाली. मग तिला झोप लागली.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. तेव्हा ती बोलत नव्हती.

शोकसभा तिच्याच वर्गात झाली. सतरंज्या, खुर्च्या, हार घातलेला फोटो. नवे-जुने पुष्कळ ताई-दादा आले होते. बहुतेकांनी तिच्याबद्दल एकच सांगितलं, की ताई फार शिस्तीच्या, मुद्द्याचं तेवढंच बोलायच्या, एक मिनिट वाया घालवायच्या नाहीत. एक मुलगी म्हणाली, त्यांची भीती वाटायची पण त्यामुळेच शिकलो. हे सगळं कौतुकाने, डोळ्यांत पाणी आणून. मी मान हलवत होतो.

मग फ्रान्सिस उठला. केस पिकलेत आता थोडे. तो फोटोकडे पाहून म्हणाला, "तुम्हाला माहिती नाही. मी पहिल्या बॅचचा. आम्ही दोन दिवस पोट धरून हसलो होतो." आणि त्याने नाहूरची गोष्ट सांगितली. बरी सांगितली. त्या आत्याच्या भाच्याचा आवाज त्याला चांगला जमला. शोकसभेत माणसं हसायला लागली, आधी चोरून, मग उघड, आणि नंदाचा नवरा तोंडाला रुमाल लावून सगळ्यांत जास्त. हसू ओसरल्यावर फ्रान्सिस म्हणाला, "आणि ते मी नव्हतं लिहिलं हां. आज तरी विश्वास ठेवा." पहिल्या बॅचचे तिघे-चौघे पुन्हा हसले. कोणीतरी मागून ओरडलं, "घड्याळ बघू आधी." सुरेखाताई म्हणाल्या, "जाऊ दे रे आता, झालं ते झालं." म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही तोच वाटत होता.

मी हसलो. इतर हसले तेवढंच, तितकाच वेळ.

खुर्च्या आवरताना नंदाची मुलगी मानसी माझ्याजवळ आली. ती नोकरी करते, आईच्या कामाची तिला फारशी माहिती नव्हती. तिने विचारलं, "काका, आई वर्गात अशा गोष्टी सांगायची? खरंच?"

"सांगायची," मी म्हणालो.

"मग बंद का केल्या? आजवर मला वाटायचं, तिला तिथे कोणी बोलूच देत नसेल म्हणून घरी येऊन एवढं बोलते."

मी दोन खुर्च्या एकात एक घातल्या आणि म्हणालो, "अभ्यासक्रम वाढला गं. वेळ पुरेना."

ती "अच्छा" म्हणाली. तिने मानलं. माझं न मानायला तिच्याकडे काही कारण नव्हतं. नंदा होती तोवर मी निदान गप्प होतो. ती गेल्यावर, तिच्या फोटोपासून चार हातांवर, तिच्या मुलीशी सरळ खोटं बोललो. हे लिहायला बसलो ते त्या 'अच्छा'मुळे.

तर आता सरळ लिहितो. नंदाला बोलता यायचं. तिच्या बोलण्याने माणसांची भीती जायची, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते मला बघवलं नाही. मी खोटं नाव न घेता खोटं लिहिलं, दुसऱ्यावर संशय जाईल असं लिहिलं, आणि ते खरं समजून ती उरलेली सगळी वर्षं गप्प शिकवत राहिली. अभ्यासक्रम वाढला नव्हता. वेळ पुरत होता.

रविवारी मी मानसीकडे जाणार आहे. फ्रान्सिसलाही बोलावलं आहे, तो दुपारच्या बोटीने निघून येईल. हे कागद मी त्यांना देणार नाही, समोर बसून वाचून दाखवणार आहे. ते काय म्हणतील ते मी इथे जोडणार नाही. ते त्यांचं आहे.